गजक, पेठा आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

आमच्या घरात कित्येक वर्षं एकच थर्मामीटर होता, तापाचा. गेल्या वर्षीच्या जानेवारीत दुसरा आला. तो कुणाच्या काखेत जात नाही, काचेच्या टाकीत पाण्यात बुडून असतो. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी मी तो बघते आणि वहीत आकडा लिहिते. सासूबाईंना हे पसंत नाही. "आधी देवाला हात जोड, मग त्या किडकाचा ताप बघ," असं त्यांचं म्हणणं. वय ८४, पण जिभेची धार गेलेली नाही.

किडूक म्हणजे ॲक्सोलॉटल. मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यात राहणारा सॅलमँडर. बेडकाच्या गोत्रातला, पण शेपटीवाला. माझी पुतणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे राहत होती. मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून दिल्लीला गेली आणि परतताना थर्माकोलच्या डब्यात, पाण्याच्या पिशव्यांत दोन पिल्लं घेऊन आली. बोटाच्या दोन पेरांएवढी. एक मातकट तपकिरी. दुसरं दुधी पांढरं, इतकं आरपार की आत काय गेलंय ते पोटात दिसावं. तपकिऱ्याचं नाव पडलं गजक, पांढऱ्याचं पेठा. एक मुरैन्याची मिठाई, एक आग्र्याची. आमच्याकडे येणारा पाहुणा या दोहोंपैकी एक डबा हातात घेऊनच येतो, त्यामुळे नावं शोधावी लागली नाहीत.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कल्ले, तुऱ्यासारखे बाहेर लटकलेले. डोळ्यांना पापणी नाही. आणि तोंड कायम हसरं. या हसऱ्या तोंडावर भाळून लोक त्याला घरी आणतात, आणि तेच तोंड त्यांना फसवतं. कुत्रं आजारी पडलं की कोपरा धरतं, गाईचं रवंथ थांबतं. ॲक्सोलॉटल उपाशी असो, उकडत असो, मरायला टेकलेलं असो, चेहऱ्यावर तेच हसू. त्याचं दुखणं कल्ल्यांत आणि शेपटीच्या टोकात वाचायचं असतं. कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलं, की काहीतरी बिनसलंय. हे कळायला मला नऊ दिवस लागले, आणि मी ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलंय.

त्या नऊ दिवसांची मला अजून लाज वाटते. दुकानदारानं पुतणीला टाकी, रंगीत खडे, सुक्या गोळ्यांची डबी आणि एक जोरदार फिल्टर दिला होता. "पाणी भरा, सोडा, रोज खायला घाला" एवढंच सांगितलं. आम्ही भरलं, सोडलं, घातलं. पाणी आरशासारखं स्वच्छ. पाचव्या दिवशी पेठाचे कल्ले पुढे वळले. आम्हाला वाटलं, ऐटीत बसलंय. पुतणीनं फोटोसुद्धा काढला. सातव्या दिवसापासून दोघांनी खाणं टाकलं. कल्ल्यांच्या तुऱ्यावरचे बारीक तंतू आखडून खुरट्या झाडूसारखे दिसायला लागले. नवव्या दिवशी टाकीजवळ वाकले आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. अमोनिया!

जनावर खातं, विष्ठा टाकतं, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतं. तळ्यात त्याची व्यवस्था लावणारे जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडंफार सोसतं. नायट्रोजन चक्राची ती आकृती मी दर वर्षी फळ्यावर खडूनं काढायची, बाण गोल फिरवायची, पाच गुणांना हमखास येते म्हणून सांगायची. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर जमायला महिना-दीड महिना घेतात. नवी टाकी म्हणजे नवीकोरी विहीर नव्हे, बंद खोली. तिच्यात राहणारा आपल्याच मुतात बसलेला असतो, फक्त दिसत नाही.

थेंब टाकून रंग बघायचा किट मागवला. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं. ३१ वर्षांत कुठल्याही टायट्रेशनच्या रंगानं माझ्या पोटात असा गोळा आणला नव्हता.

मग घरातले दोन मोठे प्लॅस्टिकचे टब काढले. गजक एकात, पेठा दुसऱ्यात. रोज सगळं पाणी बदलायचं, नवं पाणी जुन्याइतकंच गार असायला हवं. दीड महिना हा उद्योग चालला आणि तेवढ्या काळात टाकी रिकामीच, तिला अमोनियाचे थेंब पाजत, जिवाणू पोसत बसलो. रिकाम्या टाकीला आपण रोज काय भरवतो, हे शेजारच्या काकूंना समजावताना माझी फार पंचाईत झाली.

नळाचं पाणी तसंच ओतता येत नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात येणारं पाणी तिघऱ्याच्या धरणातलं. सांक नदीवरचं हे धरण १९१६ चं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे तिथे बसवले होते, ही गोष्ट इथल्या मराठी घरांत आजोबा नातवंडांना सांगतात. पाणी चांगलं, पण क्लोरिन घातलेलं. माणसाच्या आतड्याला जे सोसतं ते उघड्या कल्ल्याला सोसत नाही. रात्रभर बादलीत ठेवलं की साधं क्लोरिन उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने फोटोवाले हायपो म्हणायचे. माझे आजोबा नया बाजारातल्या स्टुडिओत कामाला होते. त्यांच्या हातांना येणारा वास अमुक एका मिठाचा होता हे मला आत्ता, सॅलमँडरच्या निमित्तानं आठवलं. बोरिंगचं पाणीही वापरून बघितलं. ते जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं. ॲक्सोलॉटलला जड पाणी मानवतं, हलक्यापेक्षा बरं. पण अशा पाण्याचा सामू (पीएच) चढा असतो, आणि सामू चढा असला, वर उष्णताही असली, की तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

टबात वेगळं ठेवण्याआधीच एक अपघात होऊन गेला होता. एका सकाळी पेठाचा पुढचा उजवा पंजा मनगटापासून गायब. रक्त नाही, आरडाओरडा नाही, तोंड हसरं. गजकानं खाल्ला होता. या पिल्लांना नजर अधू असते. वास आणि पाण्यातली हालचाल यांवर तोंड चालतं. तोंडापुढे हललं ते अन्न, मग तो भावाचा हात का असेना. भुकेली आणि दाटीत ठेवलेली पिल्लं तर हमखास एकमेकांचे पाय कुरतडतात. पुतणी रडली. सासूबाई म्हणाल्या, "भावाभावांत वाटणीवरून याहून वाईट बघितलंय मी."

पण पुढे जे झालं ते बघायला त्या स्वतः काठी टेकत यायच्या. आठवड्यानं त्या थोट्यावर बारीक फुगवटा आला. मग तो चपटा झाला, वल्ह्यासारखा. मग त्याला खाचा पडल्या. दोन महिन्यांच्या आत पुढच्या पायाला असतात तशी चार बोटं मोजता आली, नखाच्या टोकाहून बारीक. व्रण नाही, वेडंवाकडं काही नाही. सासूबाईंचा गुडघा आठ वर्षांपूर्वी बदललाय. चष्मा लावून त्या कितीतरी वेळ त्या पंजाकडे बघत बसल्या आणि काही न बोलता उठल्या.

खाण्याचं प्रकरणही सरळ नव्हतं. इतक्या लहान वयात रोज खायला लागतं, आणि हलणारं असलं तर बरं. पाणपिसवा मिळाल्या तर उत्तम, त्या इथे कोण देणार? फेब्रुवारीत गच्चीवरच्या बादलीत डासांच्या अळ्या दिसल्या आणि पुतणीनं त्या चहाच्या गाळणीनं गाळून आणल्या. दोघं तुटून पडले. चार दिवस आमच्या गच्चीवर डासांची शेती चालली होती. मग यजमानांना सुगावा लागला आणि शेती बंद झाली. ते बरोबरच होतं; एक अळी निसटली तर गल्लीला ताप. गांडुळं हे याचं खरं अन्न, कापून दिलेली. मी गांडूळखत करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पाव किलो आणली. पेठानं एक तुकडा तोंडात घेतला आणि थू करून टाकला. पुन्हा घेतला, पुन्हा टाकला. खताची ती तांबडी गांडुळं अंगातून कडू द्रव सोडतात, हे मागाहून वाचलं. मग माळ्याकडून बागेतली साधी, फवारणी नसलेल्या वाफ्यातली. पडलेलं, न खाल्लेलं ड्रॉपरनं उचलून काढायचं, कारण तेही सडून अमोनियाच होणार.

रंगीत खडे मी केव्हाच उचलले होते, पण एक राहिला. ॲक्सोलॉटल चावत नाही, सुर्रकन ओढतं. घासाबरोबर तळाचं जे असेल ते आत. गजक तीन दिवस एका कुशीवर तरंगत होता. चौथ्या दिवशी टबाच्या तळाशी एक निळा खडा सापडला. तो मी काडेपेटीत ठेवलाय.

होळीपर्यंत सगळं ठीक होतं. ग्वाल्हेरचा जानेवारी मेक्सिकोच्या तळ्यापेक्षाही गार असेल. खोलीतलं पाणी १५-१६ वर राहायचं आणि ॲक्सोलॉटलला १६ ते १८ हवं असतं. धूळवडीच्या दुसऱ्या दिवशी वहीत २१ लिहिलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला २४. २४ च्या वर सतत राहिलं तर ते टिकत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अंगाला त्याची गरज मात्र वाढते, म्हणजे खर्च चढा आणि आवक उतरती. वर बुरशी आणि जिवाणू यांचा सुकाळ. लहान पिल्लाच्या अंगात शिल्लक अशी काही नसतेच.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गजकच्या एका कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. शोभेच्या माशांच्या दुकानदारानं एक हिरवी-निळी बाटली पुढे केली. "मॅडम, दस बूंद डाल दो." मी घेतली नाही, कारण बाटलीवर मॅलॅकाइट ग्रीन वाचलं. हे प्राणी कातडीतूनही पाणी पितात आणि श्वास घेतात. माशाला चालणारं तांब्याचं किंवा असल्या रंगाचं औषध त्यांना सरळ बाधतं.

म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डब्यात गजक, रिक्षात मी, बाहेर रांगेत दोन बोकड आणि एक अल्सेशियन. डॉक्टरांनी झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, मी म्हशी बघतो. हे आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय." मग विचारलं, "पाणी आणलंय का?"

मी म्हटलं, यात आहे ना.

"हे नाही. जिथे राहतो तिथलं. म्हैस आजारी पडली तर मी म्हैस तपासतो. पाण्यातलं जनावर आजारी पडलं तर आधी पाणी तपासायचं, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. हे तर बिचारं फुप्फुस गळ्यात बाहेर टांगून हिंडतंय."

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, हे मी सांगितलं. "आणि ताप?" त्यांनी विचारलं. पाण्याचा ताप. २५. त्यांनी मान हलवली आणि फी घेतली नाही.

मिठाची अंघोळ हा जुना उपाय: वेगळ्या भांड्यात लिटरला दोन-तीन चमचे मीठ, दहा मिनिटं, घड्याळ लावून, आणि लगेच बाहेर, कारण जास्त झालं तर मीठच कल्ले जाळतं. मीठ बिनआयोडीनचं घ्यावं म्हणतात. आपल्याकडे दुकानात पाकिटावर आयोडीनच आयोडीन. घरात तसं नसलेलं एकच, उपासाचं सैंधव. सासूबाईंच्या डब्यातलं. मी न विचारता घेतलं आणि पुढच्या एकादशीला पकडली गेले. काळ्या चहाच्या पाण्याचाही उपयोग होतो असं वाचून तो केला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "बिनसाखरेचा? पाहुण्याला?" शेवटी मला सगळ्यांत भरवशाचं वाटलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जंगली बदामाचं पान. गळालेलं, वाळलेलं, लाल-तपकिरी. धुऊन पाण्यात टाकलं की पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यातलं टॅनिन बुरशीला आवरतं आणि कातडीला सौम्य असतं. आठ दिवसांत पुंजका गेला. पण खरं सांगायचं तर तो गेला पाणी २१ वर आणल्यामुळे.

ते कसं आणलं, यावर मला एक निराळाच लेख लिहिता येईल. पाणी गार करण्याचं यंत्र मिळतं, चिलर. त्याची किंमत ऐकून यजमानांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून तोच आकडा वाचला. फ्रिजमध्ये डब्यात ठेवण्याची एक युक्ती शौकीन लोक वापरतात, आजारी मोठ्या जनावरासाठी. थंडीनं त्याचं सगळं चलनवलन मंद होतं. रोज खाणाऱ्या पिल्लाला ते घातक, म्हणून मी धजले नाही. पुतणीनं नुसता विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "त्या फ्रिजात नैवेद्याचं दूध असतं," आणि विषय मिटला.

मग वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, टाकीवर आडवा बसवलेला छोटा पंखा आणि गोठवलेल्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या. दोन टाकीत, चार फ्रीझरमध्ये, दर तीन तासांनी बदली. एकदम चार टाकल्या तर पाणी झटक्यात उतरतं आणि तो झटकाही बाधतो, त्यामुळे चमच्याचमच्यानं औषध द्यावं तसं. रात्री दोनचा गजर मी लावायची, पाचचा यजमान.

या धांदलीत मला एक गोष्ट उमगली, जी मी वर्गात बाष्पीभवनाच्या धड्याला शिकवली होती आणि समजले मात्र आत्ता. बाहेर ४५ अंश, लू अंगाला भाजत असायची, आणि माझी टाकी २२ वर सुखात होती. पंख्याखाली पाणी भराभर उडायचं, रोज तांब्या-तांब्या भर घालावी लागायची, पण उडणारं पाणी उष्णता घेऊन जायचं. मे महिन्यातला माठ असाच गार असतो. ग्वाल्हेरचा कोरडा उन्हाळा, ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात, तो माझ्या बाजूनं होता. मी घाबरत होते मेला. घाबरायला हवं होतं जुलैला.

त्या रात्रींच्या जागरणात मी या प्राण्याबद्दल बरंच वाचलं. त्याचं गाव मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचं सोचिमिल्को. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवरचे गार कालवे, त्यांत माणसानं मातीचे थर रचून केलेली तरंगती वाटावी अशी शेतं. तिथे १९९८ साली एका चौरस किलोमीटरला सहा हजार ॲक्सोलॉटल मोजले होते. २०१४ साली ३६. सांडपाणी आलं, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया अंडी-पिल्लं खाऊ लागले. मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर २०२१ पासून त्याचं चित्र आहे. जगभर काचेच्या टाक्यांत पैशाला पासरी, घरी जवळपास नाही. यांतल्या बऱ्याच टाक्यांचा वंश १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला नेलेल्या ३४ जनावरांशी जाऊन मिळतो. त्यांत पांढरा वाणही होता. त्यातले सहा ऑगस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले, त्यांना पिल्लं झाली, आणि एके दिवशी त्यातल्या काही पिल्लांचे कल्ले गळून पडले. ती पाण्यातून बाहेर येऊन जमिनीवर चालणारे सॅलमँडर झाली. तेव्हा कुठे लोकांना समजलं, की ज्याला आपण पुरता वाढलेला प्राणी समजत होतो ते मुळात बाल्यावस्थेतलं रूप आहे. इतर सॅलमँडर त्यातून पुढे जातात, हा तिथेच थांबतो, तिथेच वयात येतो, तिथेच म्हातारा होतो.

हे वाचताना मला हसू आलं. आमचं लष्कर तरी निराळं काय आहे? १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला. तंबू होते, उठायचंच होतं. उठलेच नाहीत. तळाचंच शहर झालं आणि नावसुद्धा बदललं नाही. आमची गल्ली चिटणिसांची गोठ. हा 'गोठ' म्हणजे फौजेचा गोटच, असं आमच्या घरात सांगतात. सासरे गंमतीनं म्हणायचे, "आपण मुक्कामाला आलोय, दोनशे वर्षं झाली." आमची मराठीही तशीच, 'बत्ती गेली', 'टंकी भरली' म्हणणारी. पुण्याच्या नातेवाइकांना ती अर्धवट वाढलेली वाटते. आमचं सगळं आयुष्य त्याच मराठीत झालंय.

असो. जूनअखेर पुतणीला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहात टाकी कोण ठेवू देणार. "काकू, दोन महिने सांभाळ," म्हणून गेली. तिच्या त्या दोन महिन्यांना आता दीड वर्ष होईल. ती जाण्यापूर्वी यजमानांनी एक काम मात्र चोख केलं. वन्यजीव कायद्यात २०२२ साली बदल झाला आणि २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी जनावरांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, तो अर्ज त्यांनी भरला. दुकानदारानं ना कागद दिला होता, ना तो लागतो हे सांगितलं होतं.

मग पाऊस आला. सगळं गाव सुटकेचा श्वास टाकत होतं आणि आमची टाकी २६ वर गेली. हवा ३३ अंश, पण ओलीचिंब. पंखा फिरतोय, पाणी उडतच नाही. माठसुद्धा आळसावला. कूलर तर उलट बाष्प ओतणारा. बाटल्यांचा मारा दुप्पट केला तरी २५ च्या खाली येईना. घरात एसी एकाच खोलीत, सासूबाईंच्या. मी बोलायला घाबरत होते. त्याच म्हणाल्या, "आण ते इकडे. पण रात्रभर बुडबुड आवाज आला तर सकाळी मी त्याची भजी करीन." स्टूल ओढून टाकी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. पाणी २२ वर आलं. त्या रात्री मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले.

तेरा दिवस बरे गेले. चौदाव्या रात्री साडेअकराला बत्ती गेली. कुठेतरी झाड पडलं होतं. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. फ्रीझरमधल्या बाटल्या तीनपर्यंत पुरल्या, मग त्याही पाणी झाल्या. बर्फ आणायला यजमान स्कूटर काढून गेले ते नदीगेटपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी आले. पाच वाजता थर्मामीटर २८ दाखवत होता. पेठानं आधीचे दोन दिवस खाणं अर्धवट सोडलं होतं. मी ते वहीत लिहिलं होतं आणि पुढे काही केलं नव्हतं, कारण अमोनिया शून्य होता, नायट्राइट शून्य होता, आणि मला आकड्यांवर फार विश्वास. पहाटे त्याचे कल्ले फिकट पडले, तो दोनदा वर येऊन हवा गिळून गेला, मग खाली तळाशी बसला. सहाला बत्ती आली. तोंड हसरं होतं म्हणून मला पाच मिनिटं कळलं नाही.

सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. "हात नवा आला होता गं त्याला," एवढंच म्हणाल्या.

जंगली बदामाखाली पुरलं. पुतणीला फोनवर सांगताना मी बराच वेळ तापमानाबद्दलच बोलत राहिले.

गजक राहिला. तो का राहिला, हे मला सांगता येणार नाही. आकार थोडा मोठा होता, एवढंच. आता वीतभर झालाय. गल्लीतली मुलं त्याला बघायला येतात, त्यांना तो माइनक्राफ्ट या गेममधून ठाऊक असतो. एखादं विचारतं, आजी, मला पण आणायचाय, कुठे मिळतो? मी पत्ता देत नाही. वही देते. जानेवारीपासूनचे आकडे, रात्री दोनच्या आणि पाचच्या नोंदी, ते हिरव्या नळीचं चित्र, आणि जुलैच्या त्या पानावरचा २८. बहुतेक मुलं चार पानं उलटून गजककडे वळतात. एका मुलीनं सगळी वाचली आणि विचारलं, "मग हा इथे आणलाच का?" मी म्हटलं, चुकलं. थंड डोंगरावर राहत असाल, किंवा चिलर आणि जनरेटर दोन्ही परवडत असतील, तर गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरात नको. तिनं वही मिटून परत दिली.

या जानेवारीत पाणी पुन्हा १६ वर आलं. पंखा पिशवीत घालून माळ्यावर गेला. मटार स्वस्त झाला तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस बसून सोलला आणि वर्षाचा साठा करायला फ्रीझर मागितला. बर्फाच्या सहाही बाटल्या मी काढून सिंकमध्ये ठेवल्या. संध्याकाळी मटाराच्या पिशव्या रचून झाल्यावर बघितलं, तर कोपऱ्यात एक बाटली परत आत गेली होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मटार एक किलो कमी बसला."